रक्त वाढलं म्हणे

डॉक्टरसाहेब, मयुरीच्या मनात गोळीची भीती तुम्ही घातली. सासूनं नाही, कोण्या भगतानं नाही, ओट्यावर बसणाऱ्या बायांनी तर नाहीच. तुम्ही सभेत माइक हातात घेऊन सांगता की बाया अडाणी आहेत, सरकारच्या गोळ्या उकिरड्यावर फेकतात. फेकतात ना. मयुरीनंही फेकल्या. पण काऊन फेकल्या, हे तुमच्या कोणत्याच सभेत कुणी विचारलं नाही. म्हणून ते इथं सांगावं लागतं.

मयुरीची मोठी बहीण डिंपल. माहेर देऊळगाव राजाकडचं. लग्नानंतरचं पहिलंच बाळंतपण, दिवस भरत आलेले. पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यापुढं काजवे यायला लागले. पहिल्या वेळी असंच होते म्हणून घरच्यांनी कपाळाला बाम चोळला. एका सकाळी कणीक मळता मळता ती आडवी झाली. हातपाय ताठ, दातखीळ बसलेली. जीपमध्ये टाकून मोठ्या दवाखान्यात आणली. दुपारपर्यंत ती गेली, अन् पोटातलंही गेलं.

तेव्हा तुम्ही बाहेर आलात. एका हातानं मोबाइल कानाला धरलेला, दुसऱ्या हातानं मास्क खाली ओढत. डिंपलचा बाप, हिंमतराव, भिंतीला टेकून उभा होता, त्याच्यामागं मयुरी. तुम्ही त्याला म्हणालात, "रक्त वाढलं होतं तिचं. डोक्यात चढलं. आणायला उशीर केला तुम्ही." अन् पुढच्या दारानं निघून गेलात.

तिला झटके आले होते. तिचा दाब वाढला होता, रक्ताचा दाब. 'दाब' हा एवढासा शब्द. तो तुम्ही गाळला. खेड्यातल्या माणसाला सोपं करून सांगितलं, असं तुम्हाला वाटलं असेल.

तुमचे शब्द त्या घरानं अस्थींसारखे जपून घरी नेले. जो भेटायला येई त्याला डिंपलची माय तेच सांगे, "रक्त वाढलं म्हणे माह्या पोरीचं. डोक्यात चढलं म्हणे." आलेल्या बाया हळहळत. एखादी विचारी, "जास्त खात होती काय वो?" माय म्हणे, "बीट खात होती रोज. तिले आवडे." त्या दिवसापासून त्या घरात बीट आलं नाही. मयुरी तेव्हा बारावीला होती. स्वयंपाकघराच्या दारामागं उभी राहून तिनं हे इतक्यांदा ऐकलं, की तिच्या डोक्यात ते पाढ्यासारखं बसलं. बाई पोटुशी असली की तिचं रक्त वाढतं. वाढलं की डोक्यात चढतं. चढलं की बाई मरते.

पुढं मयुरीचं लग्न झालं. सासर उंद्रीपासून आत, मळ्यातलं घर. वांगी, टमाटे, कोथिंबीर, जे त्या मोसमात पिकेल ते. नवरा अविनाश माल घेऊन कधी चिखलीला, कधी मेहकरला जाई. सासू अन्नपूर्णाबाई तोंडाची फटकळ, पण सुनेच्या ताटात आधी वाढणारी. लग्न ठरतानाच तिनं एक गोष्ट सांगून टाकली होती. "तुह्या बहिणीचं वाईट झालं, मले ठाऊक आहे. पण ह्या घरात तुह्या ओटीत काही असलं तर तिचं नाव काढू नको, माय. बाळंतपणात गेलेल्या बाईचं नाव पोटुशीच्या तोंडात येऊ नाही." मयुरीनं मान हलवली होती.

म्हणजे भीती वाटली तर ती कोणाची वाटते, हेही सांगायची सोय उरली नव्हती.

दिवस गेल्याचं कळल्यावर सरकारी दवाखान्याची आशाताई, अमीना, घरी आली. शेजारच्या वस्तीवरची, हसून बोलणारी. सारा गाव तिला अमीनाभाभी म्हणे. तिनं पिशवीतून लाल गोळ्यांची पाकिटं काढली अन् मयुरीच्या मांडीवर ठेवली.

"रोज एक. जेवल्यावर. चहासोबत बिलकुल नाही, पाण्यासंग घ्यायची."

"कायची गोयी हो भाभी?"

"रक्त वाढवायची. तुह्यासाठी पण, अन् बाळासाठी पण."

मयुरीनं मांडीवरचं पाकीट दूर सरकवलं. तिला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नसेल. "वाढवायची?"

"मग? पोटात एक जीव वाढून राह्यला. रक्त वाढलं पायजे ना. वाढन, बघ भरभर वाढन." अमीना हसली. तिच्या पाकिटावर तेच छापलं होतं, भिंतीवरच्या रंगवलेल्या पाटीवर तेच होतं, तिला शिकवताना तेच शिकवलं होतं. ती तरी दुसरं काय सांगणार?

अन्नपूर्णाबाई बाजूला लसूण सोलत बसली होती. तिनं खुशीत मान डोलावली. "खाईन ती. मी देईन हाती."

मयुरीनं पहिल्या काही गोळ्या घेतल्या. सासू समोर उभी राहायची, काय करणार? घशातून उतरताना तिला वाटे आपण विस्तव गिळतो आहोत. मग संडासला काळं झालं, डांबरासारखं. लोहाच्या गोळीनं तसं होतं, त्यात भिण्यासारखं काही नाही, हे तुमच्या कुण्या माणसानं सांगितलं होतं का? तिला वाटलं आत रक्त इतकं झालं की ते जळून बाहेर पडतंय. ती त्या चार भिंतींत घामाघूम होऊन बसून राहिली अन् पोटावर हात ठेवून म्हणाली, "नको रे बाप्पा, एवढ्यात नको."

त्या दिवसापासून गोळी जिभेखाली धरायची अन् सासूची पाठ वळली की न्हाणीत जाऊन मोरीच्या भोकात टाकायची, असं सुरू झालं. वरून तांब्याभर पाणी. सासूनं विचारलं, गोयी घेतली काय? तर ठरलेलं उत्तर, "हाव, आत्याबाई."

बीट आणलं की ती अविनाशच्या ताटात सरकवी. खजूर पदरात बांधून गायीला चारी. शेंगदाणे-गुळाचा लाडू सासूनं दिला की तो शेजारच्या पोरींच्या हातावर जाई. जे जे रक्त वाढवतं असं ऐकलं होतं, ते ते तिनं ताटातून काढून टाकलं. जगायचं होतं तिला. तुम्ही म्हणता, ह्या बायांना स्वतःच्या जिवाची पर्वा नाही. तिला एवढी पर्वा होती की ती उपाशी राहत होती.

अन् मग ते सुरू झालं ज्याची तिला भीती होती. विहिरीवरून घरी येता येता छाती धडधडे, कानात सू-सू आवाज येई. उठलं की डोळ्यापुढं अंधारी. पायऱ्या चढताना धाप. पाय सुजले. तिनं पाय पाहिले अन् तिला डिंपलचे पाय आठवले, चपलेचा पट्टा रुतलेले. रक्त कमी पडलं की असंच होतं. पण तिला कुठं ठाऊक? तिच्या हिशेबानं रक्त वाढत होतं. गोळी बंद करूनही वाढत होतं, गळ्यापर्यंत आलं होतं, आता वरच चढायचं बाकी होतं.

आरशात पाहिलं तर चेहरा पांढराफटक. तिला त्याचंही उत्तर सापडलं. सगळं रक्त आतल्या आत डोक्याकडं निघालं असेल, म्हणून चेहऱ्यावर उरलं नाही.

घरात एकच माणूस होतं ज्याचं 'रक्त वाढतं' अन् तरी ते जिवंत होतं. अन्नपूर्णाबाई. तिला बीपी होता. ती रोज सकाळी डब्यातली पांढरी गोळी घेई अन् म्हणे, "ही घेतली का माहं रक्त जाग्यावर राहते." मयुरीनं एका दुपारी तो डबा उघडला. गोळी दातानं अर्धी तोडली, अर्धी गिळली, उरलेली अर्धी पदराच्या गाठीत बांधली.

तिला वाटलं आता वाचलो.

त्यानंतर ती दोनदा पडली. एकदा कोथिंबिरीच्या वाफ्यात, एकदा गोठ्यात. दोन्ही वेळा कोणी पाहिलं नाही. दोन्ही वेळा तिनं उठून लुगड्याची माती झटकली अन् दुसरी अर्धी गोळी खाल्ली.

मोरीनं तिचं बिंग फोडलं. म्हणजे पुरतं नाही फोडलं, पण तिथून पुढचं सगळं झालं.

त्या सकाळी अन्नपूर्णाबाई मयुरीच्या पाठोपाठ न्हाणीत गेली. मोरी तुंबली होती. दगडावर घोटाभर पाणी साचलं होतं अन् ते पाणी लाल होतं. चांगलं कुंकवासारखं लाल, कडेकडेला गढूळ. भोकात अडकलेल्या गोळ्यांचा रंग सुटला होता. पण सातव्या महिन्याच्या पुढं गेलेली सून न्हाणीतून आत्ताच न्हाऊन गेली, अन् मागं लाल पाणी. कोणती सासू त्यात गोळ्यांचा रंग पाहील?

तिच्या हातातली बादली सुटली.

"मयुरी," ती आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.  "कधीपासून जाऊन राह्यलं तुह्या अंगावरून?"

"काय?"

"रक्त, माय. न्हाणीत सारं रक्त आहे."

मयुरीला कळलं ते काय आहे. सांगायला तोंड उघडलं, पण सांगायचं काय? गोळ्या फेकल्या, हे? अन् काऊन फेकल्या? ते सांगायचं तर डिंपलचं नाव घ्यावं लागणार. ती गप्प बसली. अन्नपूर्णाबाईनं त्या गप्पपणाचा अर्थ लावला अन् छाती बडवून घ्यायचीच बाकी ठेवली. अविनाश वांगी घेऊन मेहकरला गेलेला. फोन लागेना. अमीनाभाभीला हाक मारली, ती चालत नाही, पळत आली. ॲटो आला. मयुरीला मधे बसवलं. एका बाजूनं सासू, दुसऱ्या बाजूनं अमीना, अन् दोघी तिला असं धरून बसल्या की जणू ती सांडेल.

"पोट दुखते का?" अमीना.

"नाही."

"हालते का बाळ?"

"हालते."

"मग अल्लाचं नाव घे अन् चूप बस."

"अन् आई भवानीचं," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

"दोघाईचं घे," अमीना म्हणाली. "आज गरज आहे."

मयुरी हसली असती. पण ॲटो कुठं वळला ते तिनं पाहिलं. तोच फाटा, तीच निळी कमान, तोच मोठा दवाखाना. जिथं डिंपल आडवी आत गेली अन् चादरीखाली बाहेर आली.

आत सिस्टरनं तपासलं. अंगावरून काही गेलेलं नव्हतं. अन्नपूर्णाबाईनं दोनदा विचारून खात्री करून घेतली अन् बाकड्यावर बसून पदरानं तोंड पुसलं. मग बोटाला सुई टोचली, रक्त घेतलं. चिठ्ठी आली. सिस्टरनं ती वाचली अन् तिच्या कपाळाला आठी पडली. तुमच्याकडं पाठवलं.

तुम्ही टेबलापलीकडं बसला होतात. केस थोडे पिकलेत आता. मयुरीनं ओळखलं. तुम्ही नाही ओळखलं. तुम्ही कशाला ओळखाल?

"हिमोग्लोबिन सहा पॉइंट," तुम्ही म्हणालात. "आठवा लागलाय अन् सहा पॉइंट. गोळ्या खाल्ल्या का?"

मयुरीनं पदराची गाठ मुठीत धरली.

"खाल्ल्या नाहीत. दिसतंय ना. तोंड पाहा, पांढरं पडलंय. तुम्हाला फुकट मिळतं ना, म्हणून किंमत नाही. उद्या मेली तर डॉक्टरच्या नावानं शंख करायला सगळा गाव येईल." मग अन्नपूर्णाबाईकडं वळलात. "अन् आजीबाई, तुम्ही काय करत होतात?"

"साहेब, मी रोज हाती देत होतो. समोर खात होती ती."

"मग गोळ्या कुठं गेल्या?"

अन्नपूर्णाबाईनं सुनेकडं पाहिलं. तिच्या डोळ्यापुढं ते लाल पाणी आलं असावं, कारण तिचं तोंड उघडं पडलं. पण ती तिथं काही बोलली नाही. चारचौघांत सुनेला उघडं पाडणारी बाई नव्हती ती.

"ऐका," तुम्ही चिठ्ठीवर लिहीत लिहीत म्हणालात. "आता गोळ्यांनी भागणार नाही. भरती करा. रक्त चढवावं लागेल."

साहेब, तुम्हाला आठवतं का, तेव्हा ती मुलगी कशी उठली? खुर्ची मागं पडली. तुम्ही वरसुद्धा पाहिलं नाही.

चढवावं लागेल. जे डिंपलच्या डोक्यात आपोआप चढलं होतं, ते आता हे हातानं चढवणार होते. पिशवीतून, नळीतून, खांबाला टांगून. मयुरीच्या कानातला सू-सू आवाज एकदम वाढला. व्हरांड्यात सिस्टर खांब ढकलत येत होती, त्याची चाकं कुरकुरत होती. मयुरी बायांच्या संडासात शिरली अन् आतून कडी लावली.

आत फिनेलचा वास होता. ती भिंतीला टेकून उभी राहिली, मग बसली. पोटातलं लेकरू लाथ मारत होतं. तिनं पदराची गाठ सोडली. अर्धी गोळी होती. ती तिनं तळहातावर धरली.

बाहेरून दार वाजलं.

"मयुरी. मी आहो."

"आत्याबाई, मले घरी न्या."

"नेतो. पयले दार उघड."

"ते मले मारतीन. डिंपलबाईसारखं मारतीन मले."

नाव निघून गेलं. मयुरीनं तोंडावर हात दाबला.  मग अन्नपूर्णाबाई दाराबाहेर फरशीवर बसली. तिच्या बांगड्या दाराला लागल्या, म्हणून मयुरीला कळलं.

"घेतलंच नाव तर घेतलं," ती म्हणाली. "मीच मूर्ख. तोंड बांधून ठेवलं तुहं. आता सांग सारं."

मयुरीनं सांगितलं. रडत नाही, घाईघाईनं, जसं पोलिसाला सांगतात तसं. रक्त वाढलं म्हणे. डोक्यात चढलं म्हणे. अन् ह्या लाल गोळ्या वाढवायच्या. म्हणून मोरीत टाकल्या. तरी वाढतच होतं, छाती धडधडत होती, पाय सुजत होते, म्हणून तुमच्या डब्यातल्या पांढऱ्या खाल्ल्या, कमी करायच्या.

"माह्या गोया तू खात होती?"

"अर्धी अर्धी."

"अन् मी त्या मेडिकलवाल्याले चोर म्हटलं. म्हटलं पाकिटात गोया कमी भरते मेला." अन्नपूर्णाबाईचा आवाज मधेच फाटला. "माय, किती दिवस? पडली गिडली तर नाही ना कुठं?"

"दोनदा."

बाहेर बांगड्या दारावर आपटल्या. मग, "आता किती आहे तुह्यापाशी?"

"अर्धी. हातात."

"टाक ते. माहं ऐक, टाक. मोरीतच टाक, तुले सवय आहे."

मयुरीनं मूठ आवळली. "माहं रक्त चढून राह्यलं, आत्याबाई. मले कळते. कानात आवाज येते."

 अन्नपूर्णाबाईला डॉक्टरी येत नव्हती. तिला आपला मळा येत होता. "हे पाय. उन्हाळ्यात आपल्या विहिरीत पाणी किती राह्यते?"

"तळाले."

"अन् तरी तुह्या नवऱ्यानं कॉक बंद ठेवून मोटर चालू केली, तर ड्रिपचा पाइप फुटला का नाही मागच्या साली?"

"फुटला."

"पाणी वाढलं म्हणून फुटला काय?"

मयुरीनं दाराला कान लावला.

"जोरानं फुटला. पाणी वायलं अन् जोर वायला, दोन्ही एक नाही. माही गोयी जोराची आहे. तुह्या विहिरीत पाणीच नाही, बाई, अन् तू वरून मोटर बंद करून राह्यली. तुह्या बहिणीचा जोर वाढला असन. झटके येतात त्यात. माह्या मामेबहिणीले आल्ते, मी पाह्यलं आहे."

आत फिनेलचा वास होता अन् बाहेर कोणाचं तरी बाळ रडत होतं. मयुरी त्या पाइपाचा विचार करत राहिली. फुटला तेव्हा तीच तिथं होती. चिखल झाला होता अन् विहिरीत मात्र खडक उघडा पडलेला. तिनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मंग," ती दाराला तोंड लावून म्हणाली, "त्यायनं रक्त वाढलं असं काऊन म्हटलं? जोर वाढला असं काऊन नाही म्हटलं?"

  "ते मले नाही ठाऊक," अन्नपूर्णाबाई म्हणाली. "ते त्यालेच विचार. मी संग उभी राह्यतो."

कडी निघाली. मयुरी भिंतीला धरून बाहेर आली. तिनं मूठ उघडून अर्धी गोळी सासूच्या हातात दिली. भीती गेली नव्हती. ओठ सिस्टरच्या टोपीइतके पांढरे. अमीनाभाभी पाण्याची बाटली घेऊन उभी होती. तिनं दारातलं सगळं ऐकलं होतं. ती मयुरीला पाणी देताना एवढंच म्हणाली, "वाढवायची गोयी म्हणून मीच गावभर सांगत फिरलो. कोणाकोणाच्या घरी काय समजले असतीन गं."

वॉर्डात खाट तयार होती. पिशवी आली होती, गार, गडद. खांबाला टांगली. सिस्टर म्हणाली, "झोप, हात दे." तुम्ही राउंडवर आला होतात, पायथ्याशी उभे, दुसऱ्याच कोणाचा कागद वाचत.

मयुरी झोपली नाही. खाटेवर बसली. उजवा हात पुढं केला अन् डाव्या तळव्यानं शीर झाकून धरली.

"साहेब," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की तुम्ही वाकलात. "हिंमतरावाची पोरगी डिंपल. ह्याच दवाखान्यात गेली. तुम्ही माह्या बापाले सांगतलं, रक्त वाढलं. आज मले सांगता, रक्त कमी झालं, रक्त चढवतो. मी भेऊन राह्यलो, तरी हात देतो. लेकराले पायजे, देतो. पण पयले सांगा. तिचं रक्त वाढलं होतं, का जोर वाढला होता? अन् जोर वाढला होता तर माह्या बापाले तेवढा एक शब्द काऊन नाही सांगतला? त्या शब्दापायी मी एवढ्या दिवसांच्या गोया मोरीत टाकल्या. मी मेलो असतो तर तुम्ही म्हटलं असतं, गोया खाल्ल्या नाहीत. त्याच्या आधीचं कोनं म्हटलं असतं?"

सिस्टर सुई हातात धरून थांबली आहे. अन्नपूर्णाबाई शेजारी उभी आहे, अमीना तिच्यामागं. बाजूच्या खाटांवरच्या बाया उठून बसल्यात. त्यांच्याही उशाशी लाल गोळ्यांची पाकिटं आहेत, अन् त्यांनाही ऐकायचं आहे.

पिशवी टांगलेली आहे. मयुरीचा तळवा अजून शिरेवरून निघालेला नाही.

साहेब, तिनं तुम्हाला विचारलंय. बोला.